प्रसंगास तोंड देण्याचे माप
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



 मी मानसशास्त्राचा पंडित नव्हे. जुन्या अकरावीची शालान्त परीक्षा उत्तीर्ण होऊन पुढे हयातभर प्राथमिक शाळेत मुले शिकविलेला मी एक साधा शिक्षक आहे. तथापि गुण देणे, माप घेणे आणि त्या मापाचा मुलाच्या मनावर काय परिणाम होतो ते पाहणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे आजचा विषय मला अगदीच परका नाही. निवृत्तीनंतर मिळालेल्या सवडीत ह्या विषयावरील जे वाचन घडले, त्यातील सार आपणांपुढे ठेवण्याचा माझा मानस आहे.

हा विषय निवडण्यास एक निमित्त घडले आहे. आपल्या मंडळाच्या काही तरुण व सुशिक्षित सभासदांनी कार्यकारी मंडळापुढे एक सूचना मांडली आहे. गुणगौरव समारंभास येणारे विद्यार्थी आणि वधू-वर मेळाव्यात नाव नोंदविणारे उमेदवार ह्यांची, कठीण प्रसंगी मन किती खंबीर राहते ह्याविषयीची लेखी चाचणी घ्यावी. आणि वधू-वर सूचीत शिक्षण, उंची व व्यवसाय ह्यांच्या शेजारी त्या चाचणीचे गुण छापावेत, अशी ती सूचना आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू स्तुत्य आहे. कोणाची नोकरी सुटली, कोणाचे ठरलेले लग्न मोडले, कोणाच्या मुलाने निकालानंतर अंथरूण धरले, अशा वार्ता अलीकडे आपल्याही घरांतून ऐकू येतात, आणि वेळीच कळले असते तर काही करता आले असते, असे त्यांस वाटते. उलटपक्षी आपल्यातील वडीलधारी मंडळी विचारतात की मन ही काय मापट्याने मोजावयाची वस्तू आहे? माझे नम्र मत असे की दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात निम्मे सत्य आहे. मनाच्या ह्या व्यापाराचे माप घेता येते व जगात ते घेतलेही जाते; परंतु जे मोजले जाते ते खंबीरपणाचे गुण नव्हेत, आणि म्हणूनच ते सूचीत छापण्याजोगे नाही. हे कसे, ते क्रमाने सांगतो.

ताण हा शब्द आपण प्रथम दोरीस किंवा तंबोऱ्याच्या तारेस लावतो, आणि मग मनास. विद्वानांनी मात्र मनाच्या ताणाचा शोध शरीरापासून सुरू केला. अमेरिकेतील वॉल्टर कॅनन ह्या शरीरशास्त्रज्ञाने १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखविले की भय किंवा क्रोध उत्पन्न झाला असता शरीर लढण्याची अथवा पळून जाण्याची सिद्धता करते. हृदयाची गती वाढते, रक्तात साखर अधिक येते आणि पचनाचे काम मंदावते. कुरुक्षेत्रावर अर्जुनाच्या देहाची जी अवस्था झाली ती आपणांस ठाऊकच आहे. पुढे १९३६ साली माँट्रिऑल येथील हान्स सेल्ये ह्या संशोधकाने उंदरांवरील प्रयोगांतून असे मांडले की थंडी असो, इजा असो वा अतिश्रम असो, त्रास निरनिराळे असले तरी शरीरात घडणारे फेरफार पुष्कळसे एकसारखे असतात. ताण ह्या शब्दास आजचा जो अर्थ आहे, तो रूढ करण्याचे श्रेय बहुतांशी ह्या सेल्ये ह्यांस दिले जाते.

परंतु माणसाचे त्रास उंदराच्या त्रासाहून निराळे. त्यास थंडीवाऱ्यापेक्षा मुलीच्या लग्नाची आणि कर्जाच्या हप्त्याची काळजी अधिक जाळते. तेव्हा पुढची पायरी अशी आली की आयुष्यातील प्रसंगांनाच वजने द्यावीत. अमेरिकेतील थॉमस होम्स व रिचर्ड राही ह्या दोघांनी १९६७ साली ४३ प्रसंगांची एक यादी प्रसिद्ध केली. विवाह ह्या प्रसंगास ५० हा आकडा देऊन, त्याच्या मानाने इतर प्रसंगांत आयुष्याची घडी किती विसकटते, हे ३९४ लोकांस विचारून ही वजने ठरविली गेली. सर्वांत वरचे वजन जोडीदाराच्या मृत्यूस, म्हणजे १००. घटस्फोटास ७३. नोकरीतून निवृत्त होण्यास ४५. विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की यादीत केवळ दुःखाचेच प्रसंग नाहीत. विवाह आहे, मोठे यश आहे, सुटीचा प्रवासदेखील आहे. घडी बदलावी लागली की मनावर भार पडतो, मग बदल सुखाचा का असेना.

आपल्याकडे डॉ. गुरमीत सिंग व त्यांच्या दोन सहकारी ह्यांनी १९८४ साली भारतीय जीवनास अनुसरून अशीच यादी तयार केली. तीत ५१ प्रसंग आहेत. जोडीदाराच्या मृत्यूस येथे ९५, परीक्षेत नापास होण्यास ४३ आणि निवृत्तीस ३५ ही वजने आहेत. म्हणजे अमेरिकेतील मास्तरापेक्षा येथील मास्तरास निवृत्ती दहा गुणांनी सुसह्य होते, असे विनोदाने म्हणावयास हरकत नाही! परंतु ह्याच यादीत मुलीच्या किंवा अवलंबून असलेल्या बहिणीच्या लग्नास ४९ गुण आहेत आणि स्वतःच्या लग्नास मात्र ४३. ज्योतिषाने वर्तविलेल्या भाकितास तर ५२. हे वाचून आपल्यापैकी कित्येकांना आपलेच घर आठवेल. त्रासाचे स्वरूप समाजागणिक बदलते, हे ह्यावरून सिद्ध होते. आणि परदेशातील मापनी जशीच्या तशी भाषांतरून आपल्या मुलांपुढे ठेवणे कसे अपुरे आहे, हेही ध्यानात येते.

आता ह्या यादींची मर्यादा पाहा. एकाच शाळेतील, एकाच इयत्तेतील दोन मुले एकाच दिवशी नापास होतात. प्रसंग तोच, यादीतील वजनही तेच. माझ्या नोकरीच्या काळात मी हे पुष्कळदा पाहिले आहे. एका वर्षी गावातील दोन मुले शालान्त परीक्षेत अनुत्तीर्ण झाली. एक मुलगा चारचौघांदेखत हुंदके देऊन रडला. लोक म्हणाले, पोर अगदीच दुबळे. दुसऱ्याच्या डोळ्यांत टिपूस नव्हते. लोक म्हणाले, मोठा धीराचा. दुसऱ्या दिवशी सकाळी रडणारा मुलगा आईस घेऊन माझ्या दारी आला, आणि पुन्हा अर्ज कधी भरावयाचा, गणितासाठी कोणाकडे जावे, असे विचारू लागला. तो धीराचा मुलगा मात्र तीन आठवडे घराबाहेर पडला नाही, व पुढे त्यास पुन्हा परीक्षेस बसविण्याकरिता त्याच्या मामास फार सायास पडले. तेव्हा प्रसंगाचे वजन कळले म्हणजे माणसाचे सारे कळले असे नव्हे. प्रसंग आणि परिणाम ह्यांच्यामध्ये मनुष्य काहीतरी करीत असतो, आणि जे मोजावयाचे ते हे मधले करणे होय.

ह्या मधल्या करण्याचा शास्त्रशुद्ध विचार कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन ह्यांनी केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की संकट समोर आले असता मन स्वतःस दोन प्रश्न विचारते. पहिला, ह्यात माझे काय पणास लागले आहे? दुसरा, ह्यावर मला काय करता येण्याजोगे आहे? ह्या दोन उत्तरांवर ताण अवलंबून असतो. आणि मग मनुष्य दोन प्रकारची कामे करू लागतो. एक, संकटाचे कारणच दूर करण्याची खटपट. दुसरे, संकटामुळे मनात उसळलेल्या भावनांस आवर घालण्याची खटपट. छप्पर गळत असेल तर कौले शाकारणे हे पहिल्या प्रकारचे काम, आणि पाऊस थांबेपर्यंत घाबरलेल्या लेकरांस गोष्ट सांगून रमविणे हे दुसऱ्या प्रकारचे. घरास दोन्ही कामांची गरज असते.

ह्या दोघांनी ४५ ते ६४ वर्षे वयाच्या १०० स्त्रीपुरुषांस वर्षभर वेळोवेळी भेटून, त्यांच्या नित्याच्या आयुष्यातील तापदायक प्रसंग आणि त्या प्रसंगी त्यांनी काय केले, ह्यांची नोंद घेतली. असे १,३३२ प्रसंग जमले. १९८० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. शंभरापैकी अठ्ठ्याण्णवांहून अधिक प्रसंगांत लोकांनी दोन्ही प्रकारच्या खटपटी केल्या होत्या. केवळ कृती करणारा वीर आणि केवळ अश्रू ढाळणारा दुबळा, अशी माणसांची वाटणी करणे त्या नोंदींवरून शक्यच नव्हते. शिवाय असे आढळले की कामधंद्यातील अडचणींत लोक कारण दूर करण्याकडे अधिक वळतात, आणि प्रकृतीच्या बाबतीत भावना सावरण्याकडे. म्हणजे एकच मनुष्य कचेरीत एका रीतीने वागतो व रुग्णाच्या उशाशी दुसऱ्या रीतीने. आणि त्यात वावगे असे काही नाही.

पुढे १९८८ साली त्यांची प्रश्नावली पुस्तिकेच्या रूपाने आली. तीत ६६ विधाने आहेत. उत्तर देणाऱ्याने नुकताच घडलेला एक कठीण प्रसंग डोळ्यांपुढे आणावयाचा, आणि प्रत्येक विधानापुढे, असे मी मुळीच केले नाही ह्यास शून्य, तर पुष्कळच केले ह्यास तीन, ह्याप्रमाणे आकडा मांडावयाचा. त्यांवरून आठ रीती निघतात: समोरासमोर भिडणे, मनाने दूर राहणे, स्वतःस आवरणे, इतरांचा आधार मागणे, आपला दोष आपल्याकडे घेणे, प्रसंग टाळणे किंवा त्यातून पळ काढणे, योजनापूर्वक मार्ग काढणे, आणि घडलेल्या गोष्टीत काही नवा चांगला अर्थ पाहणे.

कॅनडातील नॉर्मन एंडलर व जेम्स पार्कर ह्यांनी १९९० साली निराळी वाट धरली. एका ठराविक प्रसंगी काय केले हे न विचारता, कठीण वेळी तुम्ही सामान्यतः काय करता, असा प्रश्न त्यांनी ठेवला. त्यांच्या मापनीत ४८ विधाने असून प्रत्येकास एक ते पाच ह्यांपैकी आकडा द्यावयाचा असतो. तीन रीती, आणि प्रत्येक रीतीची सोळा विधाने. पहिली रीत कामास लागण्याची, दुसरी भावनेत गुंतण्याची, तिसरी प्रसंग टाळण्याची. टाळण्याच्या रीतीतही त्यांनी दोन पोटभेद केले: एखाद्या दुसऱ्याच गोष्टीत मन गुंतविणे, आणि माणसांत जाऊन बसणे. आपल्या घरातील उदाहरण घेऊ. मुलाची नोकरी सुटली. दुसऱ्या दिवशी तो कागदपत्रे काढून चार ठिकाणी अर्ज करतो, ती पहिली रीत. रात्ररात्र जागून ‘माझ्यातच काही उणे आहे’ असे घोकतो, ती दुसरी. दिवसभर भ्रमणध्वनीच्या पडद्यात डोके घालतो, किंवा मित्राकडे जाऊन बसतो, ती तिसरी. बहुधा एकाच आठवड्यात तो ह्या तिन्ही गोष्टी करतो. मापनी इतकेच सांगते की कोणत्या रीतीचे प्रमाण किती.

आणखी एक मापनी अमेरिकेतील चार्ल्स कार्व्हर ह्यांची. १९८९ साली आपल्या सहकाऱ्यांसह त्यांनी मोठी प्रश्नावली केली आणि १९९७ साली तिचे २८ विधानांचे आटोपशीर रूप सिद्ध केले. त्यात चौदा रीती असून प्रत्येकीस दोन विधाने आहेत. देवाधर्माचा आश्रय, थट्टाविनोद, आहे ते स्वीकारणे, आधार मागणे, तसेच मद्यादी व्यसनांकडे वळणे, ह्या सर्वांस तीत स्वतंत्र स्थान आहे. आपल्या आजीने संकटकाळी हाती घेतलेली जपमाळ आणि एखाद्याने हाती घेतलेला पेला, ह्या दोन्हींची नोंद एकाच कागदावर होते, परंतु निरनिराळ्या रकान्यांत. येथे एक महत्त्वाचा मुद्दा आहे व तो आपण कृपा करून ध्यानात ठेवावा. ह्या चौदा रीतींची एकत्र बेरीज करावयाची नसते. एकूण गुण अशी वस्तूच ह्या मापनीत नाही, असे कर्त्यानेच स्पष्ट सांगितले आहे. जपमाळेचे गुण आणि पेल्याचे गुण मिळवून येणाऱ्या आकड्यास अर्थ तो काय असावयाचा?

येथे एखादा श्रोता विचारील की मास्तर, असे रकाने भरून पुढे काही कळते काय, की नुसताच कागद काळा होतो? ह्यास उत्तर म्हणून एक घडलेली हकीकत सांगतो. १९८९ साली कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात सुझन नोलेन-होएक्सेमा ह्या विदुषीने विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली भरून घेतली होती. मन खिन्न झाले असता तुम्ही काय करता, असा तिचा रोख होता. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, त्या भागात मोठा भूकंप झाला. असा योग संशोधकास क्वचितच लाभतो, कारण संकटानंतर विचारणारे पुष्कळ असतात, पण संकटापूर्वीची नोंद कोणाजवळ नसते. भूकंपानंतर दहा दिवसांनी व पुन्हा सात आठवड्यांनी त्या विद्यार्थ्यांची विचारपूस करण्यात आली. भूकंपापूर्वीच ज्यांनी आपले दुःख मनातल्या मनात उगाळीत बसण्याची सवय लिहून दिली होती, त्यांस भूकंपानंतर खिन्नतेचा त्रास अधिक झाल्याचे आढळले. भूकंपापूर्वी कोण किती खिन्न होता, हे हिशेबात धरूनही हा फरक राहिला.

म्हणजे प्रश्नावलीस काहीएक दृष्टी आहे. परंतु ती दृष्टी कशावर पडली ते पाहा. मूल रडते की नाही, ह्यावर नव्हे. तर तेच दुःख एकट्याने पुनःपुन्हा घोळवीत बसते की नाही, ह्यावर. रडणे आणि उगाळणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. माझ्या त्या दोन विद्यार्थ्यांपैकी रडणारा दुसऱ्या दिवशी मोकळा झाला. न रडणारा तीन आठवडे आत काय उगाळीत होता, ते त्याचे त्यालाच ठाऊक.

आता ह्या मापांचे दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर मी एकच बाजू मांडली असे होईल. पहिला दोष स्मरणाचा. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० लोकांजवळ दोन दिवस हातात मावणारी छोटी संगणकयंत्रे दिली होती. यंत्र थोड्याथोड्या वेळाने खूण करी, आणि लोकांनी त्या सुमारास काय केले ते तेथल्या तेथे नोंदवावयाचे. दोन दिवस संपल्यावर त्याच लोकांस त्याच प्रसंगांविषयी पुन्हा विचारले, तेव्हा दोन्ही उत्तरे पुष्कळ ठिकाणी जुळली नाहीत. केलेले विसरले गेले होते, व न केलेले केल्यासारखे वाटत होते. दोन दिवसांत ही अवस्था, तर वर्षामागील आठवणीची काय कथा?

दुसरा दोष, जीभ आणि शरीर ह्यांच्या साक्षी निरनिराळ्या पडण्याचा. जर्मनीतील ट्रीअर विद्यापीठात १९९३ साली एक कसोटी तयार झाली. ती आजही जगभर वापरली जाते. मनुष्यास थोडा वेळ तयारीस देऊन निर्विकार मुद्रेच्या परीक्षकांपुढे पाच मिनिटे भाषण करावयास लावतात, आणि नंतर १,०२२ ह्या संख्येतून तोंडी १३ वजा करीत जावयास सांगतात: १,००९, ९९६, ९८३ असे. चूक झाली की पुन्हा आरंभापासून. त्याच्या लाळेचे नमुने घेऊन ताणाच्या वेळी वाढणारे कॉर्टिसोल नावाचे द्रव्य मोजतात. अशा प्रयोगांत असे दिसते की मला काही वाटले नाही म्हणणाऱ्याच्या शरीरातही हे द्रव्य वाढलेले असू शकते, आणि फार घाबरलो म्हणणाऱ्याच्या शरीरात ते बेताचेच असू शकते. तेव्हा कागदावरील उत्तर ही एक साक्ष आहे. संपूर्ण निकाल नव्हे.

तिसरा दोष आम्हां शिक्षकांच्या नित्य परिचयाचा आहे. ज्या उत्तरावर गुण अवलंबून आहेत असे कळते, ते उत्तर मूल खरे देत नाही, अपेक्षित देते. मी रात्री अभ्यासाऐवजी झोपतो, असे कोणत्याही मुलाने निबंधात लिहिलेले मला आठवत नाही. ह्या मापनींची सारी उपयुक्तता उत्तर देणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर उभी आहे. आणि तो प्रामाणिकपणा, ह्या उत्तराने माझे नुकसान होणार नाही, ह्या विश्वासावर उभा आहे.

ह्या सर्व विवेचनावरून मूळ सूचनेविषयी माझा अभिप्राय आपल्या ध्यानी आलाच असेल. वधू-वर सूचीत हे आकडे छापू नयेत. कारण एक, ज्या आकड्याची बेरीजच करावयाची नाही, त्याची गुणपत्रिका कशी करणार? कारण दुसरे, मनुष्य प्रसंगानुरूप रीत बदलतो. विसाव्या वर्षी नोकरीच्या प्रसंगी जो पळाला, तोच तिसाव्या वर्षी वडिलांच्या आजारात घरचा खांब होऊन उभा राहिल्याची उदाहरणे ह्या सभेत बसलेली आहेत. कारण तिसरे, सूचीत छापले जाणार हे कळताच सर्व मुलेमुली एकमुखाने, आम्ही शांतपणे योजना करतो व कधीही खचत नाही, असे लिहून देतील, आणि मंडळाच्या हाती पाचशे असत्य उत्तरे येतील. आणि चौथे कारण सर्वांत गंभीर आहे. ज्या मुलीने खरेच लिहिले की मी कठीण वेळी रडते व माझ्या मैत्रिणीस सारे सांगते, तिचे स्थळ मागे पडेल. खरे बोलल्याचा दंड आणि लपविल्याचे बक्षीस, असा धडा आपले मंडळ तरुण पिढीस देऊ इच्छिते काय?

मग ह्या शास्त्राचा आपणांस उपयोग काय? उपयोग मोठा आहे. तापमापक वैद्याच्या हाती असतो. ताप किती आहे, उतरतो की चढतो, हे पाहून औषध ठरते. तापाचा आकडा कोणी दारावर लिहून ठेवीत नाही. ह्या मापनीही तशाच आहेत. जाणत्या समुपदेशकाने त्या एकांतात वापराव्यात, मुलाने आपण काय करतो आहोत हे स्वतः पाहावे, आणि दोन महिन्यांनी पुन्हा भरून फरक पडला की नाही ते ताडून पाहावे, हा त्यांचा योग्य उपयोग होय.

आणि ज्यास अशी सोय नाही, त्या प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांनी ह्या अभ्यासांतून तीन प्रश्न तरी उचलावेत. मुलगा, सून, मुलगी किंवा आपला वृद्ध भाऊ संकटात असता, धीर धर, एवढ्या तेवढ्याने खचतोस काय, असे म्हणण्यापूर्वी हे प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न: ह्यात तुझे काय पणास लागले आहे, असे तुला वाटते? आपणांस जो केवळ एक नापास विषय दिसतो, तो त्यास सबंध आयुष्य वाटत असेल. दुसरा प्रश्न: ह्यातील कोणता भाग बदलता येण्याजोगा आहे आणि कोणता नाही? परीक्षा पुन्हा देता येते, कर्जाच्या हप्त्याविषयी पेढीत जाऊन बोलता येते, तेथे कामास लागण्याची रीत शोभते. गेलेला माणूस परत येत नाही, तेथे कामास लाग म्हणणे निष्ठुरपणा होय. तेथे रडू देणे, जवळ बसणे, देवाचे नाव घेणे हीच रीत. बदलता येण्याजोग्या गोष्टीपुढे केवळ जप करीत बसणे, आणि न बदलणाऱ्या गोष्टीशी दिवसरात्र झुंजणे, ह्या दोहोंनी सारखीच हानी होते. तिसरा प्रश्न: हे तू कोणास सांगितले आहेस? ह्या प्रश्नाचे उत्तर ‘कोणासही नाही’ असे आले, तर त्या रात्री त्या मनुष्यास एकटे सोडू नये.

ह्या तिसऱ्या प्रश्नाविषयी थोडे स्पष्ट बोलतो. अधिक-उणे झाल्यास क्षमा असावी. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण आपल्या समाजात फार प्रिय आहे. व्यापारात तिचा उपयोग असेल. परंतु घरातील दुःखास ती लावल्यामुळे आपली कित्येक माणसे कुढत राहिली. मी आज ज्या मापनी सांगितल्या त्यांपैकी लॅझरस-फोकमन ह्यांच्या आणि कार्व्हर ह्यांच्या, ह्या दोहोंतही इतरांचा आधार मागणे ही प्रसंगास तोंड देण्याची एक स्वतंत्र रीत म्हणून गणली आहे. ती दुबळेपणाच्या रकान्यात नाही. योजनापूर्वक मार्ग काढण्याच्या रांगेतच तिचे स्थान आहे. आपली ज्ञातिसंस्था तरी कशासाठी स्थापन झाली? शिष्यवृत्ती मागण्यास आपण लाज मानीत नाही, वसतिगृहात जागा मागण्यास मानीत नाही. मग मनाचा भार हलका करण्यासाठी चार शब्द मागण्यास लाज का मानावी?

म्हणून कार्यकारी मंडळापुढे मी मूळ सूचनेऐवजी दुसरी सूचना विनयपूर्वक ठेवितो. प्रत्येक विभागात एक बंधू व एक भगिनी अशी दोन विश्वासू माणसे नेमावीत. निकालाच्या आठवड्यात त्यांनी उत्तीर्ण मुलांच्या घरी पेढे खाण्यास जाण्यापूर्वी अनुत्तीर्ण मुलांच्या घरी जावे. त्यांनी ऐकलेली गोष्ट मंडळाच्या इतिवृत्तात लिहू नये. आपल्या आवाक्याबाहेरचे दुखणे दिसताच मनोवैद्याकडे जाण्यास साहाय्य करावे. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये टेलिमानस नावाची दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक वधू-वर सूचीच्या आणि ह्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठामागे ठळक छापावा. सूचीत आकडा छापावयाचाच असेल, तर तो हा छापावा.

वेळ बराच झाला, आणि भोजनाची पाने मांडली जात आहेत हे मला येथूनही दिसते.  तरुण सभासदांनी हा विषय मंडळापुढे आणला नसता तर त्याची चर्चाही झाली नसती. त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो, आणि माझ्या सूचनेवर त्यांनीच प्रथम मत द्यावे, अशी विनंती करून आपली रजा घेतो.